पीडितासोबत बसायलाही शिकावं लागतं

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची बातमी आली तेव्हा आपण सगळे शाळेबद्दल बोललो, आरोपीबद्दल बोललो, रेल्वे रुळांवर उतरलेल्या गर्दीबद्दल बोललो. माझ्या डोक्यात मात्र बातमीतली एक बाजूची ओळ अडकून बसली, की त्या चिमुरड्यांच्या आईवडिलांना तक्रार नोंदवायला पोलीस स्टेशनात तासन्‌तास बसून राहावं लागलं. त्या बाकड्यावर त्यांच्या शेजारी असं कोणी होतं का, ज्याला माहीत आहे की आता पुढे काय होणार, कुठला कागद मागून घ्यायचा, पोरीला तेच तेच परत सांगायला लावू द्यायचं नाही, आणि आईने सकाळपासून काही खाल्लंय का ते आधी विचारायचं?

असा माणूस आपल्या कायद्यात आहे बरं का. फक्त तो आकाशातून पडत नाही, तो तयार करावा लागतो, आणि तो कसा तयार होतो याबद्दल आपण कधीच बोलत नाही.

आधी हा माणूस कोण ते बघू

पॉक्सो म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा २०१२ चा कायदा. त्याच्या २०२० च्या नियमांमध्ये ‘सपोर्ट पर्सन’ नावाची एक व्यक्ती आहे. गुन्हा नोंदला की बालकल्याण समिती, म्हणजे मुलांची काळजी आणि संरक्षण बघणारी जिल्ह्यातली सरकारी समिती, मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने, अशी एक व्यक्ती त्या कुटुंबासोबत देऊ शकते आणि ती नेमली की २४ तासांत पोलिसांनी कोर्टाला लेखी कळवायचं असतं. तपास सुरू झाल्यापासून खटला संपेपर्यंत ती सोबत.

हे झालं मुलांपुरतं. बायकांसाठी महाराष्ट्रात याची सुरुवात बरीच जुनी आहे. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथे बसणारे समाजकार्य शिकलेले लोक, पोलिसांच्या आवारात बसायचे पण पोलिसांचे नोकर नव्हते, ही त्यातली गंमत. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झालं, महापालिका आणि सेहत ही संस्था मिळून, आणि तिथे हॉस्पिटलच्याच स्टाफला ट्रेनिंग देऊन उभं केलं. २०१५ पासून केंद्र सरकारची ‘सखी’ वन स्टॉप सेंटर्स आहेत, म्हणजे पीडित बाईला सगळी मदत एकाच ठिकाणी, शिवाय विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटिअर, म्हणजे कायद्याची जुजबी माहिती शिकवलेले स्वयंसेवक. हुद्दे वेगवेगळे, काम साधारण एकच, म्हणून मी इथे सगळ्यांना सरळ ‘मदतनीस’ म्हणते.

‘पोलीस आहेत, वकील आहेत, हा अजून एक कशाला?’

प्रश्न रास्त आहे. पण आपल्याकडे फौजदारी केस कशी लागते ते आठवा, ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक’. तुमच्यावर वार झाला, रक्त तुमचं सांडलं, पण केस शासनाची, सरकारी वकील शासनाचा, आणि तुम्ही त्यात एक साक्षीदार. घरच्याच लग्नात पाहुण्यासारखं बसायचं, कोणी पंगतीला बोलावलं तर जायचं.

पोलिसांना आरोपी पाहिजे, डॉक्टरला नमुने पाहिजेत, वकिलाला साक्ष पाहिजे. प्रत्येकाला पीडिताकडून काहीतरी हवं असतं आणि त्यात त्यांची चूक नाही, ते त्यांचं कामच आहे. ज्याला पीडिताकडून काहीच नकोय असा त्या सगळ्या साखळीत एकच माणूस, तो म्हणजे मदतनीस.

आता १ जुलै २०२४ पासून जे नवे फौजदारी कायदे लागू झाले त्यात पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते पीडिताला कळवायचं असं लिहिलंय. चांगलंय. पण नव्वदाव्या दिवशी फोन आला नाही तर कोणाला विचारायचं, हे ज्याच्या घरात आभाळ कोसळलंय त्याला कुठून सुचणार?

‘मन चांगलं असलं की झालं ना’

नाही झालं. आणि सगळा लेख मी खरं तर एवढ्याचसाठी लिहितेय.

हायवेवर अपघात झाल्यावर काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल. चार भले लोक धावतात, जखमीला काखेत धरून उचलतात, रिक्षात दुमडून बसवतात, कोणीतरी तोंडाला पाण्याची बाटली लावतो. सगळ्यांचं मन सोन्यासारखं. आणि मणक्याला मार असेल तर तिथेच त्या माणसाचे पाय कायमचे जाऊ शकतात. मदतीला धावणाऱ्याने आधी काय करायचं नाही ते शिकायचं असतं, मग काय करायचं ते.

मागच्या पावसाळ्यात एका संस्थेच्या ट्रेनिंगला मला मागच्या खुर्चीवर बसायला मिळालं. वीसेक जणी आणि तीन पुरुष, बाहेर धो धो पाऊस, पंखा कुरकुरतोय. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी स्वतः आईची भूमिका घेतली, म्हणजे जिच्या मुलीसोबत शेजाऱ्याने काहीतरी केलंय आणि ती तीन आठवड्यांनी तक्रार द्यायला आलीये अशी आई. समोर एका शिकाऊ मुलीला बसवलं. मुलगी छान, हसतमुख, आवाजात माया. तिने पाणी दिलं, खुर्ची जवळ घेतली आणि म्हणाली, ‘ताई, तुम्ही इतके दिवस का थांबलात?’

बाई काहीच बोलल्या नाहीत. नुसता पदर हातात घेऊन गुंडाळत बसल्या. दहा सेकंद, वीस सेकंद. मग भूमिकेतून बाहेर येऊन म्हणाल्या, ‘आता मी उठून घरी गेले. परत येणार नाही.’

ती पोरगी रडकुंडीला आली, म्हणाली मॅडम मी तर काळजीने विचारलं. बाई म्हणाल्या, हो गं, तू काळजीनेच विचारलंस, पण तिला तिच्या सासूने, नवऱ्याने, हवालदाराने, तिघांनीही हेच विचारलंय आणि चौथी तू. फळ्यावर त्यांनी ‘का’ लिहिलं आणि त्यावर फुली मारली. दोन दिवस हा शब्द वर्गात बंद. ‘का गेलीस’ नाही, ‘तिथे जाणं कसं झालं’ असं. ‘का ओरडली नाहीस’ तर विचारायचंच नाही, कुठल्याच रूपात.

या प्रकाराला इंग्रजीतून आलेला एक जड शब्द आहे, ‘सेकंडरी व्हिक्टिमायझेशन’, म्हणजे गुन्हेगाराने एकदा दुखावलं आणि मग व्यवस्थेने, नातेवाइकांनी, मदत करणाऱ्यांनी परत परत दुखावलं. एकदाच सांगितला, आता पुढे वापरत नाही.

भिजलेला अल्बम

ट्रेनिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा धडा मला विचाराल तर हा, आठवणींचा. आपल्याला वाटतं खरं बोलणारा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ सांगेल, आणि अडखळला, उलटसुलट सांगितलं की आपण मनात म्हणतो काहीतरी गडबड आहे.

भयंकर प्रसंगात मेंदू सगळं सारखं नोंदवत नाही. पुराच्या पाण्यात भिजलेला अल्बम कधी उघडलाय? २०१९ ला सांगली-कोल्हापूरकडच्या किती घरांत ते झालं. एका फोटोत साडीची किनार लख्ख दिसते, चेहरा पूर्ण गेलेला, दोन पानं एकमेकांना चिकटलेली, ओढली तर दोन्ही फाटतात. तसं असतं ते. पोरीला भिंतीवरचं घड्याळ आठवतं, अगरबत्तीचा वास आठवतो, पण कुठला वार होता ते आठवत नाही. ओरडली नाही कारण अंग थिजलं, काही लोक लढतात, काही पळतात, काही दगड होतात आणि यातलं काही ठरवून होत नाही. जखम बसल्यावर मनाची जी ही अवस्था होते तिला ‘ट्रॉमा’ म्हणतात, हा शब्द आता आपल्याकडे रुळलाय.

हे ज्याला शिकवलेलं नाही तो पानं ओढतो. ज्याला शिकवलंय तो म्हणतो, ‘आठवेल तेवढंच सांग, क्रम नको लावूस.’

मग शिकवतात तरी काय

ऐकायचं कसं हे झालं. त्यासोबत मानसिक प्रथमोपचार, जागतिक आरोग्य संघटनेने त्याची फार सोपी तीन पावलं केलीयेत, बघा, ऐका, जोडून द्या. ‘बघा’ म्हणजे आधी जीवाला धोका आहे का, रक्त येतंय का, रात्री झोपायला जागा आहे का. ‘जोडून द्या’ म्हणजे नुसता नंबर हातावर टेकवायचा नाही, फोन लावून पलीकडचा माणूस बोलेपर्यंत थांबायचं.

मग कायदा. पण वकिलाला लागतो तसा नाही, खिडकीवर लागतो तसा. उदाहरणार्थ हॉस्पिटलच्या काउंटरवरची बाई म्हणते ‘आधी पोलिसांची चिठ्ठी आणा’. मदतनीसाला पाठ पाहिजे की बलात्कार, ॲसिड हल्ला, पॉक्सो यातल्या पीडिताला सरकारी काय आणि खासगी काय, कुठल्याही हॉस्पिटलने ताबडतोब आणि फुकट उपचार द्यायचे असतात, न दिल्यास तो गुन्हा आहे, चिठ्ठी मागायची नाही. पोलीस स्टेशनात ‘आमची हद्द नाही’ म्हटलं तर झिरो एफआयआर, म्हणजे कुठेही नोंदवा, मग ती त्या हद्दीत पाठवली जाते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घेता येतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. आणि ज्यांच्या घरात कमावणाराच तुरुंगात गेलाय त्यांना धान्य, कपडे, येण्याजाण्याचं भाडं यासाठी बालकल्याण समिती तातडीची रक्कम सुचवू शकते, ती आठवड्याभरात मिळायची असते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, अर्थसहाय्याची. हे सगळं कागदावर आहे. ते मागणारा सोबत असला तर हातात पडतं.

आणि गप्प राहायचं शिकवतात, दोन्ही अर्थांनी. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे हे बहुतेकांना माहीत असतं, पण ‘आमच्या वाडीतली ती एक केस’ एवढं चहाच्या टपरीवर बोलणं म्हणजे ओळख उघड करणंच, हे शिकवावं लागतं. उलट बाजूने मुलाला ‘मला सांग, मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण पॉक्सोत कळलं की कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. किती शिक्षक, किती मावश्या मायेपोटी हेच वचन देतात आणि मग ते मोडावं लागतं, त्या पोराच्या दृष्टीने तो दुसरा विश्वासघात.

नोंदी लिहायला शिकवतात, हा भाग कंटाळवाणा वाटतो पण ऐका. कॅलिफोर्नियात लैंगिक अत्याचाराच्या पीडितांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाला कायद्यानेच किमान ४० तासांचं ट्रेनिंग लागतं आणि ते असलं की पीडितेने त्याला सांगितलेलं कोर्टात गुप्त ठेवता येतं. आपल्याकडे असं संरक्षण वकिलाला आहे, मदतनीसाला नाही. म्हणजे तुमची डायरी उद्या कोर्टात मागितली जाऊ शकते, म्हणून तिच्यात ‘मुलगी खोटं बोलत असावी असं वाटलं’ किंवा ‘नक्की तोच असणार’ असले स्वतःचे अंदाज लिहायचे नाहीत. तारीख, वेळ, ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत, संपलं.

‘म्हणजे साक्षीदाराला पढवताच की’

हा आरोप उलटतपासणीत हमखास होतो आणि आरोपीच्या वकिलाने तो करणं बरोबरच आहे, कारण आरोपीलाही हक्क आहेत आणि गुन्हा सिद्ध होईपर्यंत तो निर्दोष.

दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी आपण पोराला सेंटर दाखवून आणतो, इथून गेट, इथे बैठक क्रमांक लावतात, संडास तिकडे. त्याला कोणी कॉपी म्हणत नाही. पेपर फोडणं वेगळं. मदतनीस सेंटर दाखवतो. न्यायाधीश कुठे बसतात, पुकारा म्हणजे काय, प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणायचं, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हेही उत्तर असतं, पॉक्सोत वकील थेट मुलाला प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत जातात, आणि आरोपी समोर दिसणार नाही अशी सोय करायची असते. पण ‘तो विचारेल तेव्हा असं सांग’ हे वाक्य तोंडातून गेलं की पेपर फुटला. केसही जाते. ट्रेनिंग न झालेला माणूस ही रेघ मायेपोटी ओलांडतो, आणि त्याला कळतही नाही.

‘आणि केस खोटी असेल तर?’

असू शकते. पण ते ठरवणं मदतनीसाचं काम नाही, जसं ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने चूक कोणाची होती ते विचारून मग गाडी सुरू करायची नसते. तपास पोलिसांचा, निकाल न्यायालयाचा. एवढंच.

नाव न लिहायची सवय

१९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याची केस उभी राहिली. हायकोर्टाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने सोडलं, तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत वगैरे धरून. १९७९ मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी त्यावर खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला, पीडितेची ओळख छापायला बंदी तेव्हाच आली. ती केस अजूनही तिच्या नावानेच ओळखली जाते, मी ते इथे लिहीत नाही, त्या वर्गात बसल्यापासून हात अडखळतो. कायदा बदलल्यावर वर्षभरात मुंबईत तो विशेष कक्ष सुरू झाला. कायदा आला की तो राबवणारी शिकलेली माणसं लागतात, हे तेव्हा कोणालातरी कळलं होतं.

शिकलेल्या माणसाला पगार?

इथे घोडं पेंड खातं. रीतसर शिक्षण म्हणजे एमएसडब्ल्यू, समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, दोन वर्षं, आठवड्यातले दोनेक दिवस फील्डवर्क. टाटा संस्थेत हे शिक्षण १९३६ पासून आहे, निर्मला निकेतन १९५५ पासून. तिथून बाहेर पडलेल्या पोरीला कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकार्याच्या विभागात, जो पगार मिळतो तो कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर बसून मिळत नाही, मग ती का थांबेल (बघा, मीही ‘का’ वापरलाच). कमी पडणारी जागा दोन दिवसांच्या शिबिरावर भरली जाते. शिबिर वाईट नसतं, पण दोन दिवसांत कोणी ड्रायव्हिंगही शिकत नाही.

१८ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर नेमकं हेच म्हटलं, की सपोर्ट पर्सनची निवड, ट्रेनिंग, नोकरीच्या अटी, पुढे वाढायची संधी हे सगळं नीट बसवा आणि त्यांच्या शिक्षणाला, अनुभवाला साजेसा मोबदला द्या. केस उत्तर प्रदेशातली होती पण दुखणं सगळीकडचं.

अजून एक खर्च कोणी धरतच नाही. रोज हेच ऐकणाऱ्याच्या अंगात ते मुरतं. त्या ट्रेनिंगमध्ये जेवणाच्या सुट्टीत एक जुनी मदतनीस सांगत होती, ती दोन वर्षं स्वतःच्या मुलीला शेजारच्या घरी सोडू शकली नाही, सख्ख्या काकांकडेसुद्धा नाही, आणि तिला वाटायचं आपण फक्त सावध आहोत. डबा उघडा होता, तिने पोळीचा एक तुकडा मोडला होता आणि तो तसाच हातात. यासाठी दर पंधरवड्याला कोणा अनुभवी माणसासमोर बसून केसबद्दल आणि स्वतःबद्दल बोलायचं असतं, त्याला सुपरव्हिजन म्हणतात. बजेट कापायची वेळ आली की आधी तेच जातं.

फक्त याच गुन्ह्यांपुरतं?

खरं तर नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून पीडिताला संस्था, समाजसेवक किंवा वकिलाची मदत घ्यायचा हक्क स्पष्ट लिहिलाय. पण खून झालेल्या माणसाच्या बायकोसोबत कोण असतं? आणि आताचं बघा, ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे फोनवर खोटे पोलीस बनून अटकेची भीती घालायची आणि पैसे उकळायचे. रिटायर्ड काका, आयुष्यभराची पुंजी गेली, आणि मुलगा म्हणतो ‘बाबा तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला कळलं कसं नाही?’ चौकीत कोणीतरी गालात हसतं. इथेही शिकलेला मदतनीस आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावून खाती गोठवायची धडपड करेल, कारण त्यात एकेक तास महत्त्वाचा, आणि मग त्या काकांना त्या रात्री एकटं ठेवणार नाही. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच तातडीची आहे हे कोणी शिकवल्याशिवाय सुचत नाही हो. पैसे गेले, जीव थोडीच गेलाय, असंच आपण म्हणतो.

वेळ आलीच तर

तुमच्या ओळखीत कोणा मुलाच्या बाबतीत असं झालं तर १०९८, बाईच्या बाबतीत १८१, जीवावर बेतलं असेल तर ११२. पोलीस स्टेशनातच विचारा की बालकल्याण समितीला कळवलं का, आणि समितीसमोर गेलात की सरळ सांगा, आम्हाला सपोर्ट पर्सन हवाय, नाव आणि फोन लेखी द्या. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे त्यांची यादी ठेवलेली असते. पहिल्या भेटीत तो किंवा ती मुलाशी कशी बोलते त्यावर लक्ष ठेवा, घाई करते का, अंगाला हात लावायच्या आधी विचारते का, ‘का’ विचारते का.

नाहीच जमलं तर बदलून घेता येतं. मुलाने आणि पालकांनी समितीकडे तशी विनंती करायची, आणि नियमात पुढे स्पष्ट लिहिलंय की ही विनंती करणाऱ्या मुलाला त्याचं कारण सांगावं लागणार नाही.